बंदुकीवरील दुर्बिणी व पिकाची राखण

हिंगोली, सेनगांव, कळमनुरी वगैरे तालुक्यांत सोयाबीन, तूर व हरभरा यांच्या शेतांत रोही व रानडुकरें शिरून एका रात्रींत किती नासाडी करितात, हें कास्तकार बंधूंस सांगावयास नको. या त्रासामुळें बंदुकीवर बसविण्याची दुर्बीण कोणत्या कारखान्याची घ्यावी, अशी पृच्छा होत असते. म्हणून हे चार शब्द.

जर्मनींतील झाईस कारखाना १८४६ सालीं येना येथें निघाला. भिंगावर सूक्ष्म लेप देऊन उजेड वाया जाऊं न देण्याची युक्ति त्यानेंच १९३५ सालीं काढिली. व्हिएन्नाचा काह्लेस १८९८ चा, ऑस्ट्रियांतीलच स्वारोव्हस्कीचा दुर्बीण-कारखाना १९४९ चा, व अमेरिकेचा लिओपोल्ड १९०७ चा. पहिल्या तिघांची ख्याति सांजवेळच्या स्वच्छ दर्शनाविषयीं, तर लिओपोल्डची हलकेपणा व टिकाऊपणा यांविषयीं आहे.

तथापि नांवापेक्षां आंकडा पाहावा. पुढील भिंगाच्या व्यासास दुर्बिणीच्या पटीनें भागिलें असतां डोळ्यास मिळणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. ८ पट व ५६ मिलिमीटर भिंग असल्यास ती ७ मिलिमीटर येते. ९ पट व ४० मिलिमीटर असल्यास केवळ ४.४. अंधारांत तरुणाची बाहुली सुमारें ७ व पन्नाशीपुढें सुमारें ५ मिलिमीटर उघडते. अर्थात् जितकी पट अधिक तितकी दुर्बीण चांगली, हा समज रात्रीं फोल ठरतो.

आतां कायदा पाहूं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत पीक-संरक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. तिचा नेम थोड्या अंतरापुरताच खात्रीचा. तिजवर महाग दुर्बीण बसविणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें होय. शिवाय १९७२ च्या वन्यजीव अधिनियमान्वयें रोही किंवा रानडुक्कर मारण्यास वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. काळवीट पहिल्या अनुसूचींत असल्यानें पिकाच्या कारणास्तव त्याची परवानगी मुळींच मिळत नाहीं. त्याच्या शिकारीस ३ ते ७ वर्षें कारावास आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. बंदुकीवरील दुर्बिणींतून जें पाहावें, त्याच्यावर नळी रोखली जाते. रात्रीं वीज आली म्हणजे शेजारचा गडी पाणी देण्यास तुरींत उभा असतो. हललें तें डुक्कर कीं माणूस, हें ठरविण्यासाठीं त्याच्याकडे भरलेली बंदूक वळविणें केव्हांही क्षम्य नव्हे.

यास्तव ज्यांस दुर्बिणीवर पैसा खर्चावयाचा असेल, त्यांनीं दोन डोळ्यांची हातदुर्बीण घ्यावी. ७ पट ५० किंवा ८ पट ४२ मिलिमीटर हें माप माळ्यावरून राखण करण्यास योग्य. तिला परवाना नको, जनावर कोणतें व कोठून शिरतें हें तिच्यानें वेळींच कळतें, आणि चुकून कोणाचा जीव जात नाहीं. पीक पुन्हां पेरतां येतें. गेलेला माणूस परत येत नाहीं, हें प्रत्येक राखणदारानें ध्यानीं धरावें.