आधी भाव ठरला, मग लस

१९९६-९७ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात 'ए' प्रकारच्या मेनिंजायटिसने सुमारे अडीच लाख लोकांना गाठलं. पंचवीसेक हजार दगावले. बुर्किना फासो, नायजर यांसारख्या देशांकडे स्वतःची लस शोधण्याइतका पैसा कुठला? तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मात्र एक गोष्ट बजावून सांगितली. डोस ५० सेंटच्या आत बसला नाही, तर लस असून नसल्यासारखीच.

२००१ मध्ये अशा लशीसाठी गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले. कारभार 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेकडे होता. या भावात बड्या कंपन्यांना रस नव्हता. काम पत्करलं ते पुण्यातल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने.

या लशीत जंतूच्या कवचातली शर्करा धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडायची, म्हणजे लहान मुलांची प्रतिकारशक्तीही तिची नीट दखल घेते. हे जोडकाम सोपं नाही. त्याचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून पुण्यात आलं. संशोधनाचा बराचसा खर्च अनुदानातून भागल्यामुळे तो भावावर चढला नाही आणि डोस ४० सेंटच्या आसपास पडला.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत 'मेनआफ्रिव्हॅक' नावाच्या या लशीची मोहीम सुरू झाली. २०१२ मध्ये ही लस ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्याची मुभा मिळाली. बर्फाची ने-आण वाचल्यामुळे बेनिनसारख्या देशात दूरच्या गावांचं लसीकरण सोपं झालं.