कापड बदललं? सुईही बदला

शिलाई मशीनच्या सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. पहिला जाडीचा : ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. दुसरा त्याच जाडीचा जुना क्रमांक. दुकानात ‘१४ नंबर’ म्हणून मागतात ती हीच सुई. आकडा जितका मोठा, तितकी सुई जाड.

शिफॉन, जॉर्जेट किंवा तलम रेशमाला ९ किंवा ११ नंबर पुरे. पॉपलिन, कॅम्ब्रिकसारख्या सुती कापडाला १२ किंवा १४, आणि जीन्सच्या दुमडलेल्या जाड कडांना १६ ते १८. बरेच जण १६ नंबरची एकच सुई लावून सगळं शिवतात. मग रेशमी ब्लाउजच्या शिवणीवर भोकं दिसली की दोष कापडाला!

टी-शर्टच्या होजिअरीचं गणित मात्र जाडीवर सुटत नाही. तिथे टोक महत्त्वाचं. हे कापड विणलेल्या फासांचं असतं आणि अणकुचीदार टोक त्यातला धागा तोडू शकतं. गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई धाग्यांना बाजूला सारून आत शिरते. चामड्याच्या सुईचं टोक उलट धारदार, कापत जाणारं. ती कापडाला लावू नये.

दोरा आणि सुईचं जुळतं का, हे पाहायला दोरा नेढ्यात ओवून तिरका ताणून धरावा. सुई सहज घसरत खाली आली तर ठीक. अडकली तर एक नंबर जाड घ्यावी.

टाके सुटू लागले, ‘टक टक’ आवाज आला, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी नवी सुई लावून पाहावी.