मागल्या पणत्यांची गंमत

दिवाळीच्या फोटोत आजीचा चेहरा कसा ठसठशीत उमटतो आणि मागच्या पणत्या मात्र प्रकाशाच्या गोल टिकल्या होऊन तरंगतात! ही किमया मोठ्या तोंडाच्या भिंगाची. जपानी लोक या धूसरपणाला ‘बोके’ म्हणतात. भिंगाचे तोंड जितके मोठे, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. त्याच्या पुढचे-मागचे सारे विरघळते. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटात स्टॅन्ली कुब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपले, ते मुळात ‘नासा’साठी घडवलेल्या एफ/०.७ च्या झाइस भिंगाने!

मग फिल्म आणि डिजिटल यांत फरक तो कोणता? भिंग तेच आणि चौकटही ३६ × २४ मिलिमीटरची असेल, तर धूसरपणा जवळजवळ सारखाच. तेच भिंग लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला लावले, की तेवढेच दृश्य मावायला मागे सरावे लागते आणि धूसरपणा उणावतो. शिवाय फिल्म तिरपे किरणही पोटात घेते. सेन्सरवरच्या इवल्या भिंगांना ते सगळे झेपत नाहीत. फिल्मच्या धूसर भागात बारीक रवा दिसतो. डिजिटलचा साईसारखा मऊ.

मोबाइलची तऱ्हा निराळीच! त्याचा सेन्सर नखाएवढा, म्हणून तो धूसरपणा गणिताने रचतो. त्या हिशेबात आजीच्या कानामागून सुटलेली रुपेरी बट कधीकधी पार्श्वभूमीत जमा होते. तेव्हा वाचकहो, घरच्या वडीलधाऱ्यांचा एक तरी फोटो खऱ्या भिंगाने काढून ठेवा. मागचे पुसले तरी चालेल. माणूस पुसला जाता कामा नये.