तापल्याशिवाय धरत नाही

जर्मनीत न्यूरबुर्गरिंगला नॉर्डश्लायफे नावाचा जुना ट्रॅक आहे. पर्यटकांसाठी तो खुला असतो, तेव्हा कायद्याच्या लेखी तो चक्क टोलचा रस्ता असतो! 20.8 किलोमीटरची एकेरी वाहतूक. तिकीट काढायचं आणि रोजची गाडी घेऊन आत शिरायचं. नियमही रस्त्याचेच. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही आणि टायर रस्त्यावर परवानगी असलेलेच हवेत. शर्यतीचे बिनखाचांचे स्लिक इथे चालत नाहीत. म्हणून हौशी मंडळी लावतात सेमी-स्लिक: कायद्यापुरत्या खाचा, बाकी रबर शर्यतीच्या जातकुळीचं.

अशा टायरची ताकद बघायची तर 2013 चा सप्टेंबर आठवावा. शर्यतचालक मार्क लीब यांनी पोर्शे 918 स्पायडर याच ट्रॅकवर 6 मिनिटं 57 सेकंदांत फिरवली. चाकांवर होते मिशलिनचे पायलट स्पोर्ट कप 2, म्हणजे दुकानात विकत मिळणारे टायर.

आता खाचांची गंमत. कोरड्या रस्त्यावर खाचा जितक्या कमी, तितकी पकड जास्त! नव्या टायरचे रबराचे ठोकळे सात-आठ मिलिमीटर उंच असतात. वळणावर जोर आला की ते कलतात, खोडरबर उभं धरून पानावर घासल्यावर वाकतं तसे. कलण्यातून उष्णता वाढते आणि कडा तुटायला लागतात. म्हणून अमेरिकेत लोक पैसे मोजून नवाकोरा टायर तासून घेतात. माझदा मिआटाच्या क्लब शर्यतींत टोयोचे आरए-1 टायर वर्षानुवर्षं असेच तासून वापरले गेले.

टायर निवडताना सगळे ज्या आकड्यावर अडतात, तो म्हणजे ट्रेडवेअर. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरच्या कडेवर तो छापलेला असतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपास साध्या सार्वजनिक रस्त्यांचा 400 मैलांचा फेरा आहे. तिथे गाड्यांचा ताफा 7,200 मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर पळवतात आणि झीज एका प्रमाण टायरशी ताडून बघतात. प्रमाण 100 धरलं, तर 300 चा टायर त्या चाचणीत तिप्पट टिकायला हवा. टोयो आर888आरवर 100 असतं, योकोहामा ॲडव्हान ए052 वर 200, मिशलिन पायलट स्पोर्ट 4एसवर 300.

पण खरी मेख पुढे आहे. हा आकडा टायरवर टाकते ती कंपनी स्वतःच. अमेरिकेच्या स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटाला किमान 200 ची अट आहे. झालं! कंपन्यांची चुरस लागली ती 200 चा शिक्का असलेला सर्वांत चिकट टायर कोण काढतो याची. त्यामुळे एका कंपनीचा 200 आणि दुसऱ्या कंपनीचा 200 यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. आकडा बघून टायर घेऊ नका, तोच टायर कुणी ट्रॅकवर झिजवला असेल त्याला विचारा. शिवाय कडेवरचे तारखेचे चार अंक वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुना, अनेकदा तापून थंड झालेला टायर नक्षी शाबूत असूनही कडक पडलेला असतो.

ट्रॅकच्या टायरचं सगळं गुपित उष्णतेत आहे. साधारण 80 ते 100 अंशांना तो खरा चिकटतो. म्हणून पहिला फेरा सबुरीचा. गार टायरवर हिरोगिरी केली की गाडी सरळ गवतात.

तापला की हवेचा दाबही चढतो. दर पाच-सहा अंशांमागे अंदाजे एक पीएसआय धरा. सकाळी 30 भरलेली हवा फेऱ्यांनंतर 36 च्याही वर गेलेली दिसते. म्हणून ट्रॅकवरून आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच गेज लावायचा आणि जास्तीची हवा सोडायची. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून ठेवायची जुनी युक्तीही फार उपयोगी. रेघ खालपर्यंत पुसली गेली तर टायर कडेवर लोळतोय, हवा कमी आहे.

आणि हवेऐवजी नायट्रोजन भरला तर? साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. फायदा होतो तो कोरडेपणाचा, कारण हवेतल्या बाष्पामुळे दाब बेभरवशाचा चढतो.

हेच टायर लावून जुलैत ताम्हिणी घाटात जाणाऱ्याला मी हात जोडून थांबवीन. आपल्याकडे कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी पुरते, पण सेमी-स्लिकची सुरुवातच पाचेक मिलिमीटरपासून होते. खाचाही मोजक्याच, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला वेळ लागत नाही. स्टुटगार्ट-म्युनिकला नोकरीला असलेल्या पुणेकर इंजिनिअरांना दुसरा धोका: सात अंशांखाली हे रबर प्लास्टिकसारखं कडक होतं. बर्फ पडला की जर्मनीत हिवाळी टायर कायद्यानेच लागतात.

पहिल्यांदाच ट्रॅकवर जाताय? माझं मत ठाम आहे, रस्त्याचेच चांगले टायर राहू द्या. ते सुटण्याआधी किंचाळतात, हद्द कुठे आहे ते ओरडून सांगतात. सेमी-स्लिक बराच वेळ गप्प राहतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. शिवाय पकड वाढली की ताण इतरत्र जातो. ब्रेक ऑइल उकळतं, लांब वळणात इंजिनचं ऑइल एका बाजूला सरकून पंपाला मिळेनासं होतं. आधी ते सांभाळा, मग चिकट टायर घ्या.

परतीच्या वाटेवर एक काम विसरू नका. गरम असताना सोडलेली हवा पुन्हा भरा, नाहीतर गार झालेल्या कमी हवेच्या टायरवर हायवे गाठाल. पार्किंगमधून निघताना मडगार्डच्या आत टकटक सुरू होईल, तेव्हा दचकू नका. तापलेल्या रबराने वाटेतली खडी उचललेली असते. पाच-सहा किलोमीटरांत ती आपोआप गळून पडते.