वस्त्रालंकार, मान आणि सेवा : तुळजापूरच्या नवरात्रातील पडद्यामागील श्रमांचा विचार

संस्कृत नाट्यपरंपरेत ‘नेपथ्य’ या एकाच शब्दाने वेषभूषा आणि पडद्यामागील जागा या दोहोंचाही बोध होतो. या दुहेरी अर्थात एक सामाजिक निरीक्षण दडलेले आहे : जे वेषरूपाने सर्वांच्या दृष्टीस पडते, ते सिद्ध करणारे हात दृष्टीआड असतात. महानगरांत भरणाऱ्या वस्त्रप्रदर्शनांच्या सोहळ्यांत, म्हणजे ज्यांना ‘फॅशन वीक’ म्हणतात त्यांत, हीच स्थिती आढळते. एकेक वेष प्रेक्षकांसमोर काही क्षणच येतो. परंतु त्यामागे वस्त्रे क्रमवार लावून ठेवणारे, झटपट वेषांतर करविणारे आणि ऐनवेळी सुटलेला टाका घालणारे अनेक साहाय्यक राबत असतात. त्यांपैकी काही विनावेतनही काम करतात. अशा सेवेचे स्वरूप काय, तिचा मोबदला कोणता आणि तिच्यात कोणास स्थान मिळते, हे प्रश्न धाराशिव जिल्ह्यातील एका फार जुन्या वस्त्रोत्सवाच्या आधारे अधिक स्पष्टपणे मांडता येतात. तो उत्सव म्हणजे तुळजापूरच्या श्रीतुळजाभवानीचे शारदीय नवरात्र होय.

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले तुळजापूर हे महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आहे. येथील अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची शिलामूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलविता येते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौष महिन्यात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा, अशा तीन निद्रांसाठी मूर्ती पलंगावर ठेवण्यात येते. देवीचे जागणे, स्नान, वस्त्रे नेसणे, अलंकार धारण करणे आणि निजणे या क्रमावरच येथील दिनचर्या व वार्षिक उत्सव आधारलेले आहेत. पहाटेचे चरणतीर्थ, पंचामृताचे अभिषेक आणि रात्रीची प्रक्षाळपूजा या प्रत्येक विधीसाठी ठराविक सेवक आणि ठराविक कामे असतात.

नवरात्रात या नित्यक्रमास विशेष अलंकारपूजांची जोड मिळते. रथालंकार, मुरली अलंकार, शेषशायी अलंकार, भवानी तलवार अलंकार आणि महिषासुरमर्दिनी अलंकार या पूजांतून एकच मूर्ती निरनिराळ्या आख्यानांच्या रूपांत प्रकट होते. भवानी तलवार अलंकारात देवी छत्रपती शिवाजी महाराजांस तलवार देत असल्याचा प्रसंग साकार होतो. पाषाण तोच राहतो. प्रसंगाचा सारा भार वस्त्र, दागिने आणि मांडणी यांवर पडतो. वस्त्राची घडी कोठे घालावी, कोणता अलंकार कोठे बसवावा, मूर्तीस धक्का न लावता हे सारे अपुऱ्या जागेत व नेमक्या वेळात कसे उरकावे, हे ज्ञान मुख्यतः सरावाने व पाहण्याने पुढील पिढीकडे जाते. भाविकांस दिसते ते केवळ पूर्ण झालेले रूप.

या श्रमविभागणीचा विस्तार दसऱ्याच्या सीमोल्लंघनात पूर्णत्वाने दिसून येतो. त्या वेळी देवीची पालखी अहिल्यानगरजवळील (पूर्वीचे अहमदनगर) बुऱ्हाणनगराहून येते आणि पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावाहून येतो. पालखीचा मान तेली समाजाकडे आहे. पहाटे मूर्ती सिंहासनावरून हलवून तिला १०८ साड्यांचे दिंड गुंडाळण्यात येते, ती पालखीत ठेवून मंदिराभोवती प्रदक्षिणा घडविण्यात येते, आणि कुंकवाच्या उधळणीत हा सोहळा पार पडल्यावर देवी पलंगावर श्रमनिद्रा घेते. दिंड हा जसा सन्मान आहे, तसाच तो व्यवहारही आहे. दाटीत मूर्तीला इजा होऊ नये अशी ही वस्त्रांची तटबंदीच होय. शेकडो मैलांच्या परिसरातील निरनिराळ्या गावांना आणि समाजांना उत्सवाचा एकेक भाग वाटून दिलेला असल्यामुळे कोणताही एक घटक एकट्याने उत्सव पार पाडू शकत नाही. परस्परावलंबन हाच या रचनेचा पाया आहे.

या सर्व कामांना ‘सेवा’ हे एकच नाव दिले जाते. तथापि अभ्यासाच्या दृष्टीने त्यात तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार हक्काच्या सेवेचा. भोपे आणि पाळीकर पुजारी, महंत, तसेच पालखी व पलंगाचे मानकरी यांची सेवा परंपरेने चालत आलेली आहे; ती कर्तव्य आहे आणि अधिकारही आहे. दुसरा प्रकार नियुक्त सेवेचा. मंदिर संस्थानाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असून निजामी राजवटीतील १९०९ च्या ‘देऊळ कवायत’ नियमावलीचा आधार पुढील काळातही घेतला गेला आहे. या व्यवस्थेत वेतन, नोंदवही आणि शिस्त यांना महत्त्व असते. तिसरा प्रकार स्वेच्छासेवेचा. आश्विन पौर्णिमेस सोलापुराहून सुमारे ४५ किलोमीटर चालत येणाऱ्या भाविकांना वाटेत पाणी, चहा, फराळ व औषधोपचार पुरविणारी मंडळे आणि कुटुंबे या प्रकारात मोडतात. या सेवेस वंशाची अट नाही आणि नियुक्तिपत्रही नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दानविषयक निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत देणे या तीन बंधनांचे विवेचन केले. तुळजापुरातील ‘मान’ ही संकल्पना त्या चौकटीत चांगली उलगडते. पालखी आणणारा समाज वस्तू व श्रम देतो. देवस्थान त्याचे स्थान सर्वांसमक्ष मान्य करते. आणि त्या मान्यतेमुळेच पुढील वर्षी तीच सेवा करण्याचे बंधन निर्माण होते. महानगरी वस्त्रसोहळ्यातील विनावेतन साहाय्यकालाही अनुभव, ओळखी आणि व्यवसायात प्रवेशाची आशा मिळते. मात्र तेथील परतफेड अनिश्चित असते. मानकऱ्याचे नाव व क्रम ठरलेला असतो. साहाय्यकाचे नाव सोहळा संपताच विसरले जाण्याचा संभव असतो.

म्हणून परंपरागत व्यवस्था सर्वथा श्रेष्ठ ठरते असे मात्र नव्हे. जन्माने मिळालेला मान ज्या निश्चितीने काहींना आत घेतो, त्याच निश्चितीने इतरांस बाहेर ठेवतो. कौशल्य असूनही अलंकार चढविण्याची सेवा कोणासही मागता येत नाही. उलट, मानकऱ्याच्या घरातील तरुणास ती सहज सोडताही येत नाही. ‘सेवा’ या आदरयुक्त शब्दाखाली हक्क, सक्ती, वेतन आणि स्वेच्छा यांतील भेद झाकला जातो, आणि तो झाकला गेला की कोणाचे श्रम कोणाच्या लेखी जमा होतात हे विचारण्याचे साधनच उरत नाही.

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. अशा बदलाची नोंद राजपत्रात होते; दिंड बांधण्याची रीत, अलंकारांचा क्रम किंवा पलंगाच्या वाटेवरील मुक्कामांची व्यवस्था यांचा तपशील मात्र बहुतांशी सेवकांच्या स्मरणातच असतो. तो त्यांच्या संमतीने, त्यांच्याच शब्दांत आणि श्रमाच्या प्रकारांचा भेद राखून टिपला गेला, तर उत्सवाच्या अभ्यासात दर्शनार्थींच्या गर्दीइतकेच गाभाऱ्यातील हातांनाही स्थान मिळेल. लोकसंस्कृती, समाजशास्त्र आणि वस्त्रविद्या या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना येथे एकत्र काम करण्यास पुरेसा वाव आहे.