दोनशे कबुतरं आणि धाकटा भाऊ

गेल्या गणपतीतली गोष्ट. गाव कापडे, तालुका पोलादपूर. आरती झाली, जेवणं झाली, मोठी मंडळी पत्ते कुटायला बसली आणि मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. धाकटा भाऊ लगेच शेजारी येऊन टेकला.

‘दादा, जुना नियम. एक मेला की दुसऱ्याचा नंबर!’

‘थांब रे. तेरा कबुतरं राहिलीयेत.’

‘जीटीए फोर’ खेळला असाल, तर हे कबुतर प्रकरण तुम्हाला ठाऊक असेलच. २००८ साली आलेल्या या गेममध्ये लिबर्टी सिटीभर २०० कबुतरं लपवलेली आहेत. सगळी टिपली की एक अचीव्हमेंट पदरात पडते. कथेशी तिचा काडीचा संबंध नाही! मी तर नेटवरून नकाशाच छापून आणला होता. कबुतर टिपायचं, फुली मारायची, पुढे जायचं. ऑफिसात एक्सेल शीट भरतो ना, तस्संच.

रात्री दोनला दोनशेवं पडलं. ‘झालं!’ म्हणत वळलो, तर भाऊ भिंतीला टेकून झोपलेला. त्याचा नंबर आलाच नव्हता.

बक्षिसांचा हा फंडा तसा जुना. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरावीक स्कोअर करून टीव्हीच्या पडद्याचा फोटो पोस्टाने पाठवला, की अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी कापडी बिल्ला पाठवायची. २००५मध्ये एक्सबॉक्स ३६०ने गेमरस्कोर आणला, २००८मध्ये प्लेस्टेशन ३वर ट्रॉफी आल्या आणि आपल्या खेळण्यालाही मार्क मिळायला लागले.

मार्क वाईटच असतात असं नाही. मिशनच्या नादात मी कधी फिरकलो नव्हतो, असे शहराचे कितीतरी कोपरे मला या कबुतरांनीच दाखवले. पहिली शंभर मस्त मजेत गेली. मग हातात नकाशा आला आणि शहर दिसायचंच बंद झालं.

१९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, ‘चित्र काढा, सर्टिफिकेट मिळेल.’ पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. पण ज्यांना सर्टिफिकेट अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे गोची बक्षिसात नाही, बक्षिसासाठीच खेळण्यात आहे.

सकाळी चहा पिताना भाऊ सहज म्हणाला, ‘काल तू खेळत नव्हतास दादा, ड्यूटी करत होतास.’ जाम लागलं. वर्षातून दोनदा भेटतो आम्ही, तेही गावाला.

त्या दुपारी आम्ही २००४ सालचा ‘सॅन अँड्रियास’ काढला. त्यातल्या माउंट चिलियाडला आम्ही शाळेत असताना ‘आंबेनळी घाट’ म्हणायचो. सायकलने वर चढायचं आणि धाडकन खाली यायचं, बस्स. एक मेला की दुसऱ्याचा नंबर.

तेव्हा बॉस, पुढची ट्रॉफी खुणावेल तेव्हा एकच विचारा: कुणी मोजणारच नसेल, तरी मी हे करीन का? उत्तर ‘हो’ असेल, तर बिनधास्त जा. नसेल, तर शेजारी कोण बसलंय ते बघा. कदाचित नंबर त्याचा असेल.