कुलूपबंद ग्रंथ

माळव्यातील देवास हे गाव एकच. पण १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत तेथे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये नांदत होती. दरबार दोन, कारभार दोन. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते; त्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि एका पातीतले पुस्तक दुसऱ्या पातीत नेले म्हणून त्याची पाने कोरी होत नसत. आजच्या ई-पुस्तकाची गत मात्र नेमकी तशी झाली आहे.

एका कंपनीकडून घेतलेले ई-पुस्तक सामान्यतः तिच्याच वाचनयंत्रावर वा तिच्याच अ‍ॅपमध्ये उघडते. मजकुराला सांकेतिक कुलूप असते आणि त्याची किल्ली ग्राहकाच्या खात्याला जखडलेली असते. आपण पुस्तक घेतले असे समजतो. वस्तुतः घेतो तो वाचनाचा परवाना. २००९ साली अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ग्रंथदुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. दोन्ही वेळी पैसे परत मिळाले. पुस्तके मात्र हातून गेली.

याची झळ धार-देवाससारख्या ठिकाणी अधिक. अठराव्या शतकात पवारांबरोबर तिकडे गेलेल्या मराठी घराण्यांच्या कित्येक पिढ्या हिंदी मुलखात वाढल्या. अशा ठिकाणी भाषा जगते ती पुण्या-मुंबईहून आणलेले एक पुस्तक दहा घरांत फिरल्याने. परक्या अमलात मराठी वाचन जपलेल्या गोमंतकीयांस हे नव्याने सांगावयास नको. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके रीतसर आली आणि माळव्यातील वाचकाला ती क्षणात मिळू लागली, हा लाभ मोठाच आहे. पण घरात आलेले ते पुस्तक उंबरठ्याबाहेर पडत नाही.

चोरट्या प्रतींनी लेखकाचे पोट मारले जाते, ही प्रकाशकांची तक्रार खोटी नव्हे. म्हणूनच २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड त्यात सांगितला आहे. कायद्याने निषिद्ध नसलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास ते कलम आड येत नाही. परंतु विक्रेत्याने ग्राहकास किल्ली द्यावी, असे बंधनही घालीत नाही. हक्क कागदावर राहतो, दार बंदच.

यावर उपाय नाही असे नव्हे. अनेक ई-दुकानांत कुलूप लावावे की नाही, हे प्रकाशकालाच ठरविता येते. मराठी प्रकाशकांनी कुलपाऐवजी प्रतीवर खरेदीदाराचे नाव उमटवावे. ग्रंथालयांना एका प्रतीमागे एका वेळी एक वाचक या नियमाने ई-पुस्तक देऊ द्यावे. आणि विकत घेतलेली प्रत उसनी देण्याचा ग्राहकाचा हक्क संसदेने स्पष्ट शब्दांत मान्य करावा. लेखकाचा मोबदला एकदा चुकता झाल्यावर पुस्तक शेजारच्या घरी जाण्यास तिसऱ्याच्या परवान्याची गरज पडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.